शेवाळाचे गणगोत



आज मी आपल्यापुढे एका अत्यंत दुर्लक्षित कुटुंबाची हकीकत मांडणार आहे. हे कुटुंब समुद्रकाठच्या खडकांवर राहते, दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा उन्हावाऱ्यात उघडे पडते. आपण त्याला शेवाळ म्हणतो. आणि शेवाळ म्हटले की विहिरीच्या पायऱ्यांवरची हिरवी बुळबुळ आठवून पाऊल जपून टाकतो, यापलीकडे त्याचा विचार करीत नाही. परंतु ह्या कुटुंबाविषयी एक साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर शोधू लागावे, तर माणूस फार लांबवर ओढला जातो. प्रश्न असा की, एका खडकावरचे शेवाळ दुसऱ्या खडकावर जाते कसे? त्याला पाय नाहीत, पंख नाहीत, वाऱ्यावर उडणारे बी नाही, पाखरांनी खावे असे फळ नाही. आणि जन्मल्यापासून ते दगडाला घट्ट चिकटून बसलेले असते.

कृष्णाकाठच्या कुंडलसारख्या गावी बसून हे भाषण ऐकणारा गृहस्थ म्हणेल की, आमचा आणि समुद्राचा संबंध काय? समुद्र कुंडलहून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर. मध्ये सह्याद्रीची भिंत. कुंडलच्या डोंगरावर पडलेला पाऊस कृष्णेला मिळतो, आणि ती कृष्णा तर अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरांवर महाबळेश्वरी उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवते व सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. शेजारी सागरेश्वर नावाचे देवस्थान आहे खरे, पण सागर म्हणावा तो तेथे नावापुरताच. तथापि माझे म्हणणे असे की, प्रश्न समजून घ्यायला कुंडलइतकी सोयीची जागा दुसरी नाही. झरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर उभे राहून खाली पाहावे. खाली ऊस, मळे, घरे, रस्ते; त्यातून मधूनच वर आलेले डोंगर. डोंगरमाथ्यावरच्या मुरमाड जमिनीत वाढणाऱ्या गवताला व झुडपांना खालचा ऊसमळा परका. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक डोंगर हे एक बेट होय. तरी ह्या बेटांची आपसात सोयरीक चालू असते. कुसळ मेंढीच्या लोकरीत अडकून जाते, म्हातारीचे बी वाऱ्यावर तरंगते, बोर कोल्ह्याच्या पोटातून प्रवास करते. पाऊस, वारा, पाखरू, जनावर, सारे मध्यस्थ हजर असतात.

आता सह्याद्री उतरून कोकणात चला. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, निवती, वेंगुर्ले, रेडी ही नावे आपण किल्ल्यांसाठी, बंदरांसाठी अथवा आंब्यांसाठी ओळखतो. शेवाळाच्या हिशेबी ह्यांतले बहुतेक ठिकाण म्हणजे समुद्रात घुसलेला कातळाचा एकेक सुळका आहे. दोन सुळक्यांच्या मध्ये पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, किंवा मग खाडी. बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, अशा खाड्या दर काही मैलांवर किनारा चिरीत गेलेल्या आहेत. वाळूवर शेवाळ टिकत नाही; धरायला काही नाही आणि प्रत्येक लाट पायाखालची जमीन हलवते. खाडीत पावसाळ्यात गोड्या पाण्याचा व गाळाचा लोंढा येतो, तोही बहुतेक जातींना मानवत नाही. म्हणजे कातळ ते कातळ मध्ये जे अंतर आहे ते शेवाळाला कुंडलच्या उसासारखेच परके.

आपली समजूत अशी की, समुद्र जोडतो. गलबते ह्या बंदरातून त्या बंदरात जातात, माशांचे थवे किनाराभर फिरतात, पाणी सगळे एकच. तेव्हा त्यात वाढणाऱ्या झाडालाही सारा किनारा मोकळा असला पाहिजे. फार काळ विद्वानांचीही कल्पना साधारण अशीच होती. परंतु खडकावर बसून मोजणी करणाऱ्यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत दाखवून दिले की, कित्येक शेवाळांच्या बाबतीत गोष्ट उलट आहे. समुद्र एवढा मोठा, पण लेकरू पडते ते आईच्या पायाशीच. शंभर मीटरांची पुळण हा त्याला परदेश ठरतो.

हे का घडते, ते पाहण्यासाठी खडकावरील तीन घराण्यांची वेगवेगळी चाल पाहिली पाहिजे. शेवाळांत हिरवी, तपकिरी व तांबडी अशी तीन मोठी घराणी आहेत. त्यांच्या वंशविस्ताराच्या रीती इतक्या निराळ्या आहेत की, तिघांना एकाच नावाने हाक मारणे हा आपला आळस होय.

हिरव्यांपैकी उल्वा हे सर्वांत ओळखीचे. पातळ रेशमी चिंधीसारखे, पोपटी रंगाचे हे शेवाळ पावसाळा सरला की कोकणच्या कातळांवर पसरते. त्याची गंमत अशी की, खडकावर शेजारी शेजारी दोन चिंध्या दिसतात, रंगरूपात रेसभर फरक नाही, पण त्या एकमेकींच्या आई आणि लेक असतात. एकीच्या कडांतून चार शेपट्यांचे सूक्ष्म बीजाणू सुटतात. ते रुजून दुसऱ्या पिढीची झाडे होतात. ह्या दुसऱ्या पिढीच्या कडांतून दोन शेपट्यांचे नर व मादी कण सुटतात, त्यांची जोडी जमते, आणि त्यातून पुन्हा पहिली पिढी उगवते. आजी आणि नात एका जातीची, मधली आई निराळ्या धर्माची, अशी ही घरची व्यवस्था. दोन शेपट्यांचे कण उजेडाकडे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठाकडे पोहतात, कारण पृष्ठावर गर्दी होते व जोडीदार लवकर भेटतो. चार शेपट्यांचे बीजाणू मात्र उजेडापासून पळतात, कारण त्यांना खाली दगड शोधायचा असतो. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर गिल्बर्ट स्मिथ यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, ही सुटका वाटेल त्या दिवशी होत नाही. ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी जुळवून होते. पंचांग आमच्याच घरी असते असे समजण्याचे कारण नाही.

ह्या बीजाणूचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. मिनिटाला तो बोटाच्या रुंदीइतके अंतर पोहला तरी पुष्कळ. तेव्हा त्याचे पोहणे प्रवासासाठी नव्हे. प्रवास घडतो तो प्रवाहामुळे. पण असे बीजाणू एकेका झाडापासून लाखांनी सुटतात, त्यांतले काही दगड सापडेपर्यंत तग धरतात, आणि उल्वाच्या जवळच्या आप्तांचे बीजाणू किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर दूरच्या पाण्यातही सापडलेले आहेत. म्हणूनच नवा बंधारा बांधला, नवे जहाज पाण्यात लोटले, की पहिले बिऱ्हाड उल्वाचे येते. हिरव्या घराण्याचा संसार भटक्याचा आहे. त्याच्याविषयी आपल्याला काळजी नाही.

काळजी तपकिरी घराण्याची. कोकणच्या कातळांवर, ओहोटीच्या अगदी खालच्या पट्ट्यात, हिवाळ्यात जी हातभर लांबीची, करवती पानांची, मण्यांसारखे फुगे असलेली तपकिरी झुडपे लाटेबरोबर डुलताना दिसतात, ते सर्गासम. डॅनिश शैवालशास्त्रज्ञ ब्योर्गेसेन १९२७-२८ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर हिंडले. १९३० पासून त्यांनी लिहिलेल्या निबंधांनी ह्या किनाऱ्याच्या शेवाळांची पहिली नीट मोजदाद झाली. सर्गासमच्या ठिकठिकाणच्या जाती ओळखण्याचे काम तेव्हापासून चालत आले आहे.

सर्गासमच्या फांद्यांना हंगामात बारीक, फुगीर, खरबरीत देठ फुटतात. त्यांत सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि छिद्रांच्या आत खोल्या. ह्या खोल्यांत मादीची अंडी व नराचे शुक्राणू तयार होतात. काही जातींत दोन्ही एकाच झुडपावर, काहींत नर झुडूप निराळे व मादी झुडूप निराळे. अंडे बाहेर पडते, पण पाण्यात सुटत नाही. चिकट द्रवाने ते देठाच्याच पृष्ठावर चिकटून राहते, तेथेच त्याचे फलन होते, आणि फलित झालेले बाळ चांगले अंकुरून, त्याला चिमुकली मुळासारखी बोटे फुटली की मग ते खाली पडते. पडते म्हणजे सरळ बुडते. सामान्य बीजाणूच्या मानाने ते जड असते आणि पडताच दगड धरण्यास तयार असते. आईने लेकराला अंगावर वाढवून, चालता येऊ लागल्यावर अंगणात सोडावे तसा हा प्रकार. यातून बाळ जगण्याची शक्यता वाढते, पण अंगणाबाहेर जाण्याची कमी होते. सर्गासमच्या एका जपानी जातीची अशी मोजणी झालेली आहे. बहुतेक बाळे आईपासून चारपाच मीटरांच्या आतच रुजली होती.

ह्या कंजूष प्रवासाचे टोकाचे उदाहरण मात्र आपल्याकडचे नाही; ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आहे. तेथे पोस्टेल्सिया नावाचे एक तपकिरी शेवाळ, हुबेहूब लहानशा ताडासारखे, प्रचंड लाटांच्या माऱ्यात उभे असते. इंग्रजीत त्याला समुद्रताडच म्हणतात. त्याचे आयुष्य एका वर्षाचे. दर वर्षी सगळी पिढी मरते आणि नवी पिढी बीजाणूंतून उभी राहते. त्याच्या झिपऱ्यांवर उभे खाचे असतात. ओहोटीच्या वेळी, झाड उघडे पडलेले असताना, बीजाणू पाण्याच्या थेंबांतून त्या खाचांवाटे ओघळून खाली टपकतात आणि आईच्या पायाजवळच दगड धरतात. पॉल डेटन यांनी १९७३ साली हे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्यातील टाटूश बेटावर वर्षानुवर्षे ह्या झाडांची गणती केली. निष्कर्ष असा की, ह्या झाडाची वस्ती दोनचार मीटरांच्या हिशेबात पसरते आणि एखाद्या ठिकाणची वस्ती समूळ गेली, तर शेजारच्या वस्तीतून ती आपोआप परत येईल असा भरवसा धरता येत नाही. पुढे जनुकांची तपासणी झाली तेव्हा शेजारशेजारची झाडे एकमेकांची जवळची नातलग निघाली. आमच्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध मानतात. समुद्रताडाला मात्र गावकुसाबाहेरची सोयरीकच मिळत नाही.

मग सर्गासम कोकणाच्या एवढ्या कातळांवर पोहोचले कसे? त्याचे उत्तर त्या फुग्यांच्या मण्यांत आहे. हे मणी हवेने भरलेले असतात. पाण्याखाली असताना ते झुडपाला उजेडाकडे उभे धरतात. आणि लाटेने फांदी तोडली, तर तीच फांदी तराफा होते. तिच्यावर पिकलेले देठ असले म्हणजे ती तरंगता तरंगता लेकरे सांडीत जाते. हजार फांद्यांतली एखादी दुसऱ्या कातळाच्या खोबणीत जाऊन अडकते आणि तेथे नवे घराणे सुरू होते. ज्या जातीत नर व मादी एकाच झुडपावर असतात तिला एक फांदीही पुरते; जेथे ती निराळी असतात तेथे दोन फांद्या एकाच खोबणीत, एकाच हंगामात येण्याचा योग लागतो. असे योग वर्षानुवर्षांत क्वचित जुळतात. म्हणजे पायाशी पडणारी बाळे ही रोजची मिळकत, आणि तरंगणारी फांदी ही सोडत.

तराफ्याची मजल कोठवर जाते याचे एक उदाहरण २०१७ सालचे आहे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर दुर्विलिया नावाच्या एका अजस्र तपकिरी शेवाळाचे पट्टे वाहून आलेले सापडले. जनुकांवरून ते कर्गेलन व साउथ जॉर्जिया ह्या बेटांवरचे ठरले, आणि वारा, लाटा व प्रवाह यांचा हिशेब करता ते २०,००० किलोमीटरांहून अधिक भटकले असले पाहिजेत असे निघाले. अर्थात मुक्काम गाठणे निराळे आणि तेथे संसार थाटणे निराळे. सर्गासमच्या दोन जातींनी तर मुक्कामाचा नादच सोडला आहे. अटलांटिकच्या मध्यभागी त्या आयुष्यभर तरंगत असतात, दगडाला कधीच चिकटत नाहीत, आणि त्यांच्यात नरमादीचा व्यवहार आढळलेला नाही. फांदी मोडते, दोन होतात, एवढेच त्यांचे प्रजनन. कोलंबसाने १४९२ साली पाहिलेले शेवाळ हेच. आणि २०११ पासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जो त्याचा पट्टा वारंवार पसरतो तोही ह्यांचाच.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो. दिवाळीनंतर, हिवाळ्यात, उत्तरेकडे. सर्गासमची भरभराट हिवाळ्यातली. तेव्हा त्याच्या पिकलेल्या फांद्या वेंगुर्ल्याहून मालवणकडे, मालवणहून देवगडकडे जाण्याचा संभव अधिक आणि उलट दिशेने कमी, असा तर्क करण्यास जागा आहे. तसे असेल तर दक्षिणेकडील एखादा कातळ उत्तरेकडील कित्येकांचे माहेर असेल, आणि तो उजाड झाला तर त्याची उणीव उत्तरेला भासेल.

आता तांबडे घराणे. हे सर्वांत नाजूक व सर्वांत गुंतागुंतीचे. ह्या घराण्यात कोणालाच शेपटी नाही. नराच्या शुक्राणूलाही नाही. तो पाण्यात नुसता सांडतो आणि जाईल तिकडे जातो. मादीपर्यंत तो पोहोचतो कसा, हे कोडे फार दिवसांचे होते. २०२२ साली फ्रान्समधील रोस्कॉफ येथील संशोधकांनी त्याचा एक धागा सोडविला. आपल्याकडच्या किनाऱ्यावरही ज्याची भावंडे आहेत त्या ग्रॅसिलेरिया नामक तांबड्या शेवाळावर झुरळाच्या पिलाएवढा एक कवचधारी जीव खाण्यासाठी व लपण्यासाठी फिरत असतो. त्याच्या अंगाला शुक्राणू चिकटतात आणि तो ह्या झाडावरून त्या झाडावर गेला की मादीला लागतात. हा जीव पाण्यात ठेवला असता फलन सुमारे वीसपट वाढले. मधमाशी फुलाफुलांवरून पराग नेते हे आपण शाळेत शिकलो. समुद्रातल्या शेवाळांतही तसे काही असेल अशी कल्पना फारशी कोणाला नव्हती. ज्या गृहिणी चायना ग्रास घालून थंड खीर गोठवितात, त्यांनी हे ऐकून ठेवावे. तो पदार्थ अशाच तांबड्या शेवाळांतून निघतो.

तांबड्यांपैकीच पोर्फिरा हे कोकणात व गोव्यात पावसाळ्यात दिसते. इतर बहुतेक शेवाळांना पावसाळा म्हणजे संकट. लाटा कातळ खरवडून काढतात आणि वाळू उठून सर्वांना घासते. पोर्फिरा मात्र त्याच दिवसांत, ज्येष्ठ-आषाढापासून, कातळाच्या वरच्या अंगाला, जेथे नुसते तुषार पोहोचतात तेथे, जांभळट पातळ पापुद्र्यांच्या रूपाने उगवते आणि पाऊस गेला की दिसेनासे होते. जपानात ह्याच्याच नात्यातल्या शेवाळाचे कागद करून भात गुंडाळतात. त्याला तेथे नोरी म्हणतात. नोरीची शेती शतकानुशतके चालत आली, पण बी कोठून येते हे कोणालाच ठाऊक नव्हते. समुद्रात बांबू अगर जाळी रोवावी आणि दैवाची वाट पाहावी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पिके बुडू लागली तेव्हा शेतकऱ्यांना उपाय सुचेना.

उत्तर आले ते मँचेस्टरहून. कॅथलीन ड्रू यांना विवाहानंतर विद्यापीठातील अध्यापनाची जागा गमवावी लागली होती. तरी त्यांनी संशोधन सोडले नाही. पोर्फिराचे बीजाणू त्यांनी शिंपल्यांवर वाढवून पाहिले. बीजाणू शिंपल्यात शिरले आणि त्याच्या आत गुलाबी तंतूंच्या रूपाने पसरले. हे गुलाबी तंतू विद्वानांना पूर्वीपासून माहीत होते, परंतु ते एक स्वतंत्रच शेवाळ समजले जाई व त्याला नावही निराळे होते. आई आणि मूल ह्यांना दोन परकी माणसे समजून दोन वेगवेगळ्या घरांत नोंदविले होते! हा शोध १९४९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. जपानातील सोकिची सेगावा यांनी तो उचलला, आणि काही वर्षांतच तेथे शिंपल्यांवर बी धरून नोरीची लागवड होऊ लागली. ड्रू १९५७ साली वारल्या. जपान त्यांनी पाहिलेही नाही. परंतु कुमामोटो प्रांतातील उटो येथे १९६३ साली त्यांचे स्मारक उभारले गेले आणि दर वर्षी १४ एप्रिलला तेथे उत्सव होतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या शोधाचे महत्त्व असे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे असत. वर काही दिसत नाही, खाली धन. शिंपला हे पोर्फिराचे पेव आहे. ज्या महिन्यांत खडक कोरडे दिसतात त्या महिन्यांत ते ह्या रूपाने काळ काढते. तेव्हा खडकावरून एखादी जात नाहीशी झाली की राहिली हे ठरवायचे तर नुसता खडक पाहून भागत नाही.

येथवर निसर्गाच्या मध्यस्थांची गोष्ट झाली. परंतु गेल्या शंभर वर्षांत ह्या सोयरिकीत एक नवा मध्यस्थ शिरला आहे आणि त्याला अंतराची पर्वा नाही. तो म्हणजे माणूस. ज्या जपानी सर्गासमची बाळे चारपाच मीटरांत रुजतात असे मी सांगितले, तेच सर्गासम लागवडीसाठी नेलेल्या कालवांबरोबर पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला गेले आणि १९७३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडले. कप्पाफायकस नावाचे तांबडे शेवाळ लागवडीसाठी आपल्या देशात आणले गेले. त्याचा तुकडा पडला की तेथे नवे झाड होते. २००८ साली मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ ते शेतातून निसटून प्रवाळांवर पसरलेले आढळले. हा स्वभाव घाटावर कोणाला समजावून द्यायला नको. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासाठी माळ घेतला तेव्हा तेथे निवडुंगाचे रान होते. निवडुंग हाही अमेरिकेतून आलेला पाहुणा. त्याचे पान जेथे पडते तेथे तो मूळ धरतो. किर्लोस्करवाडी वसविणाऱ्यांना प्रथम त्याच्याशीच लढावे लागले.

दगड व काँक्रीट यांचेही असेच. पुळणीची धूप थांबावी म्हणून आपण किनाऱ्यावर बंधारे घालतो. मुंबईस मरीन ड्राइव्हपुढे चौपायी ठोकळे टाकलेले सर्वांनी पाहिले आहेत. जेथे वाळू होती तेथे दगड आला म्हणजे शेवाळाला वाटेत धर्मशाळा मिळाली. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर असे बंधारे शेकडो झाले आणि त्यांच्यावर पाय देत देत कोडियम नावाचे परदेशी हिरवे शेवाळ, जेथे त्याला कधीच जाता आले नसते तेथे, जाऊन पोहोचले. निसर्गाने जे वेगळे ठेवले होते ते आपण जोडीत आहो. त्याच वेळी, जे एका कातळावर शतकानुशतके आपल्या बळावर जगत होते ते आपण एका हंगामात खरवडू शकतो.

ह्यात खरोखर काही गमावण्यासारखे आहे, कारण शेवाळाला आता बाजार आहे. तपकिरी शेवाळांतून निघणारे अल्जिनेट आइसक्रीमपासून कापडाच्या छपाईपर्यंत लागते. मन्नारच्या आखातात १९६० च्या दशकापासून नैसर्गिक शेवाळ काढण्याचा धंदा चालत आला. त्यात जेलिडिएलासारखी मोलाची तांबडी शेवाळे वारंवार ओरबाडली जाऊन विरळ झाली. २०२० साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळाच्या लागवडीसाठी ६४० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले, आणि कोकणातही लागवडीचे प्रयोग झाले आहेत. लागवड दोरावर होते, त्यामुळे खडक मोकळा राहतो. पण तेथे कोणती जात आणावी ह्याचा विचार कप्पाफायकसच्या अनुभवानंतर पैशाच्या आधी झाला पाहिजे असे मला वाटते. आणि जेथे खडकावरचे शेवाळच काढावयाचे असेल तेथे, वर सांगितलेल्या साऱ्या हकीकतीतून, काढण्याची रीत आपोआप निघते. बूड उपटू नये; सर्गासमच्या कित्येक जाती बुडापासून पुन्हा फुटतात. एका कातळावरचे सगळे कापू नये. कारण शेजारचा कातळ मदतीला येईल ह्याची खात्री नाही, आणि आलाच तर किती वर्षांनी येईल हे समुद्राच्या मर्जीवर. देठ पिकून बाळे पडण्याआधी तर हात लावूच नये.

पिकलेले देठ ओळखणे कठीण नाही. माघाच्या सुमारास कुंडलचे कोणी कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून, किंवा कोल्हापूरवरून आंबा घाट उतरून, कोकणात गेले तर त्यांनी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या सुकतीला कातळाच्या अगदी टोकाशी जावे. त्या दिवशी पाणी सर्वांत खाली उतरते. भरतीची वेळ आधी गावातल्या कोळ्यांना किंवा गाबितांना विचारून घ्यावी, आणि पायात खरखरीत तळव्याचे जोडे असावेत. तेथे सर्गासमची फांदी न तोडता हातात धरून पानांच्या बगलेत पाहावे. मण्यांच्या शेजारी बारीक, गाठाळ देठांचे झुबके दिसतील. भिंगातून पाहिले तर त्यांच्यावर छिद्रे दिसतात, आणि मादी झुडूप असून हंगाम ऐन भरात असला, तर छिद्रांबाहेर चिकट थरात बसलेले तपकिरी ठिपकेही. ती पुढच्या वर्षीची झुडपे. फांदी पाण्यात अलगद सोडून द्यावी आणि पाणी वळण्याच्या आत काठावर यावे.